सभेतील वृद्ध : वामनराव लाखे आणि रायपूरचा नागरिकधर्म

१

वृद्ध माणसाने सार्वजनिक जीवनात काय करावे, या प्रश्नाची दोन उत्तरे आपल्या परंपरेत शेजारी शेजारी नांदत आली आहेत. पहिले उत्तर आश्रमव्यवस्थेचे. केस पिकले, नातवाचे तोंड पाहिले, की माणसाने कर्तेपण पुढच्या पिढीच्या हाती सोपवावे आणि हळूहळू गाव, घर व शेवटी स्वतःचे नावही मागे ठेवावे. दुसरे उत्तर महाभारताच्या सभापर्वातून मिळते, आणि ते अधिक कठोर आहे. द्यूतसभेत द्रौपदी प्रश्न विचारते, तेव्हा तेथे बसलेल्या वृद्धांकडे ज्ञान, अनुभव, मान सारे काही असते. त्यांच्याकडे उत्तर मात्र नसते. विदुर आणि तरुण विकर्ण यांचा अपवाद सोडला, तर सभा गप्प राहते. पुढे जे घडले त्याची जबाबदारी महाभारतकारांनी केवळ दुर्योधनावर टाकलेली नाही. ज्यांना बोलता येत होते आणि जे बोलले नाहीत, त्यांच्याकडेही त्यांची दृष्टी वारंवार वळते.

लोकशाहीत ही दोन उत्तरे एकमेकांशी अधिकच तीव्रतेने भांडतात. राजेशाहीत राजाने वानप्रस्थ स्वीकारला तर राज्य युवराजाकडे जाते. लोकशाहीतील नागरिकाने आपले नागरिकत्व कोणाकडे सोपवायचे? ते वारसाहक्काने देता येत नाही आणि त्याची निवृत्तीची तारीखही ठरलेली नाही. आज आपण साठी उलटलेल्या माणसाला ‘ज्येष्ठ नागरिक’ म्हणतो. २००७ च्या निर्वाह व कल्याणविषयक कायद्यानेही ही साठ वर्षांची सीमा मान्य केली आहे. परंतु या शब्दप्रयोगात आपले सारे लक्ष ‘ज्येष्ठ’ या पदाकडे असते. सवलत, निवृत्तिवेतन, औषधोपचार, मुलांकडून मिळणारा आधार, हे सर्व न्याय्यच आहे. पण ‘नागरिक’ या दुसऱ्या पदाचे काय झाले, हे सहसा कोणी विचारत नाही.

या प्रश्नाचा विचार तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांतून करता येतो, तसा एखाद्या गावाच्या इतिहासातूनही करता येतो. प्रस्तुत निबंधात रायपूर या शहराच्या आणि तेथील वामन बळीराम लाखे या मराठी गृहस्थाच्या आयुष्याच्या आधारे तो करण्याचा प्रयत्न आहे. लाखे यांचे नाव महाराष्ट्रात फारसे कोणास ठाऊक नाही. रायपुरात त्यांच्या नावाची शाळा आहे. पण शाळेला नाव दिले की माणूस विसरायला आपण मोकळे होतो, हाही आपला अनुभव आहेच.

२

छत्तीसगडात मराठी माणूस आला तो भोसल्यांच्या राज्याबरोबर. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी भोसले यांनी १७५८ ते १७८७ या काळात रतनपूर येथे राहून या प्रदेशाचा कारभार केला. १८१८ नंतर इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला आले. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, पुढच्या वर्षी नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला. राज्य गेले तरी कारकून, शिक्षक, वकील, पुजारी आणि मालगुजार म्हणून आलेली मराठी घराणी तेथेच राहिली. आता त्यांच्यापुढे प्रश्न होता तो निराळा. ज्या प्रदेशात आपण राज्यकर्त्यांबरोबर आलो, तेथे राज्य संपल्यावर आपण कोण? पाहुणे, की रहिवासी?

लाखे यांच्या पिढीने या प्रश्नाचे जे उत्तर दिले, ते मराठी माणसाने अभ्यासण्याजोगे आहे. त्यांचा जन्म १७ सप्टेंबर १८७२ चा, रायपूरचा. १९०० च्या जानेवारीत पेंड्रा येथून ‘छत्तीसगड मित्र’ हे मासिक निघाले. माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर हे त्याचे संपादक होते आणि प्रकाशनाची जबाबदारी लाखे यांच्यावर होती. तिघांची घरची भाषा मराठी. मासिक मात्र हिंदी. पुण्यामुंबईची मराठी नियतकालिके त्यांना परकी नव्हती, आणि नागपूरही फार दूर नव्हते. तरीही आपण राहतो तेथील लोकांशी त्यांच्या भाषेत बोलावे, हा निर्णय त्यांनी घेतला. मासिक १९०२ च्या अखेरीस, तीन वर्षे चालून, आर्थिक अडचणीमुळे बंद पडले. पण त्या निर्णयात नागरिकत्वाची एक व्याख्या दडलेली होती. माणूस ज्या मातीत राहतो, जेथले पाणी पितो आणि ज्या गावचा कर भरतो, त्या गावाचे त्याच्यावर ऋण असते. त्याचे पूर्वज कोठून आले, हा प्रश्न त्यानंतरचा.

‘नागरिक’ या शब्दाचा इतिहासही येथे आठवावासा वाटतो. वात्स्यायनाचा नागरक हा शहरातला रसिक, सुखवस्तू पुरुष. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला नागरिक हा नगराची व्यवस्था पाहणारा अधिकारी, आगीपासून बचाव आणि रस्त्यांची स्वच्छता ही त्याची कामे. एकाजवळ शहराचा उपभोग, तर दुसऱ्याजवळ शहराचा अधिकार. आधुनिक अर्थाचा नागरिक या दोघांहून वेगळा आहे. शहर त्याचे आहे, कारण त्याची जबाबदारी त्याने स्वीकारली आहे. हा तिसरा अर्थ आपल्याकडे प्रथम रुजला तो दिल्लीत किंवा मुंबईत नव्हे, तर नगरपालिकांच्या छोट्या सभागृहांत. रायपूरची नगरपालिका १८६७ ची. १८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांच्या सरकारने स्थानिक स्वराज्याचा जो ठराव केला, त्यात कारभाराच्या सोयीपेक्षा लोकशिक्षणाचा हेतू अधिक महत्त्वाचा मानला होता. प्रत्यक्षात अधिकार फार थोडे मिळाले. मतदार मोजके, अधिकाऱ्यांचे वर्चस्व मोठे. तरीही नळ, दिवाबत्ती आणि गटार यांच्या चर्चेतून सार्वजनिक हित नावाची वस्तू लोकांना प्रथमच हाताने चाचपता आली. १९०४ मध्ये कायद्याची पदवी घेऊन वकिली करणारे लाखे या शाळेत शिकले आणि पुढे रायपूर नगरपालिकेचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले.

३

लाखे यांच्या आयुष्यातील सर्वांत दीर्घ काम मात्र सहकाराचे आहे. १९१३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने रायपूर येथे सहकारी मध्यवर्ती बँक स्थापन झाली. दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी तिचे मानद सचिवपद सांभाळले आणि पुढे ते तिचे अध्यक्षही झाले. १९३० मध्ये बँकेला स्वतःची इमारत मिळाली, ती त्यांच्याच प्रयत्नांनी.

बँकेच्या कामात लोकशाहीचे तत्त्वज्ञान कोठे आले, असे कोणी विचारील. उत्तर १९१२ च्या सहकारी संस्था कायद्यात आहे. ज्या संस्थेत सभासदांची जबाबदारी अमर्यादित असेल, तेथे भांडवलातील हिस्सा कितीही असो, प्रत्येक सभासदाला एकच मत, असा त्या कायद्याचा नियम होता. खेड्यांतील पतसंस्था बहुधा याच प्रकारच्या असत. भाताची शेती करणारा कर्जबाजारी शेतकरी त्या संस्थेच्या बैठकीत बसला, की त्याचे मत आणि गावातील बऱ्या स्थितीतल्या माणसाचे मत तेवढ्यापुरते एका मापाचे होई. देशातील विधिमंडळांसाठी त्या काळी मताचा अधिकार मालमत्ता आणि शिक्षण यांवर अवलंबून होता. १९३५ च्या कायद्यानंतर १९३७ मध्ये ज्या निवडणुका झाल्या, त्यांतही मतदारांची संख्या सुमारे तीन ते साडेतीन कोटींच्या पलीकडे नव्हती. म्हणजे ज्या शेतकऱ्याला प्रांताच्या कारभाराविषयी बोलण्याचा अधिकार नव्हता, त्याला आपल्या पतसंस्थेच्या कारभाराविषयी तो होता.

या मताला आणखी एक बाजू होती. अमर्यादित जबाबदारी याचा अर्थ असा, की एका सभासदाने कर्ज बुडवले तर त्याची झळ इतरांच्या जमिनीपर्यंत पोहोचू शकते. म्हणून शेजाऱ्याला कर्ज द्यावे की नाही, ते बियाणांसाठी द्यावे की लग्नासाठी, याचा निर्णय सभासदांनी डोळे उघडे ठेवून करायचा असे. मत हे केवळ आवडनिवड सांगण्याचे साधन नाही, त्याची किंमत आपणांस आणि दुसऱ्यास मोजावी लागते, हा धडा तेथे आपोआप मिळे. राजकीय लोकशाहीत ही किंमत दिसत नाही, कारण ती उशिरा आणि सर्वांवर विखरून पडते. सहकारात ती पुढच्या सुगीलाच दिसते.

हे काम संथ आणि कंटाळवाणे असते. हिशेब तपासणे, वसुलीच्या नोंदी पाहणे, पावसाने दगा दिलेल्या वर्षी मुदत वाढवणे, यांत भाषणाला जागा नाही आणि हारतुऱ्यांनाही नाही. लाखे यांनी ते विनावेतन केले आणि वयाच्या चाळिशीपासून साठीपलीकडे केले. उत्तरायुष्यातील नागरिकत्व साठाव्या वाढदिवशी अकस्मात सुरू होत नाही, ही गोष्ट या तपशिलातून स्पष्ट होते. ज्याने मध्यवयात सार्वजनिक कामाची सवय लावून घेतली नाही, त्याच्याजवळ वृद्धपणी वेळ असतो, पण त्या वेळेचे काय करावे हे त्याला कळत नाही.

४

१९१६ मध्ये सरकारने लाखे यांना ‘रायसाहेब’ ही पदवी दिली. सहकारात उत्तम काम करणाऱ्या, प्रतिष्ठित, मध्यममार्गी वकिलाला मिळावी अशीच ती पदवी होती. येथवरचे त्यांचे आयुष्य त्या काळच्या शेकडो सज्जनांच्या आयुष्यासारखे आहे. वेगळेपण दिसते ते पुढे. १९२० च्या डिसेंबरात नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि असहकाराचा कार्यक्रम पक्का झाला. त्या काळात लाखे यांनी पदवी परत केली. रायपूरच्या लोकांनी त्यांना ‘लोकप्रिय’ अशी दुसरी पदवी दिली. राष्ट्रीय शाळेच्या उभारणीतही ते होते. तेव्हा त्यांचे वय अठ्ठेचाळीस होते. या वयात माणूस बहुधा मिळवलेले राखण्याचा विचार करू लागतो.

१९३० चा सत्याग्रह आला, तेव्हा ते अठ्ठावन्नाच्या घरात होते. छत्तीसगडला समुद्र नाही. मिठाचा कायदा मोडणे येथे प्रतीकापुरतेच शक्य होते. पण जंगल होते, आणि सरपण व चराईवरील निर्बंध खेड्यातल्या माणसाच्या रोजच्या अनुभवातले होते. त्यामुळे धमतरीजवळ रुद्री-नवागाव आणि इतरत्र जंगल सत्याग्रहाने जोर धरला. रायपूर शहरात चळवळीचे नेतृत्व करणाऱ्या पाच जणांना लोक ‘पाच पांडव’ म्हणू लागले. वामनराव लाखे हे युधिष्ठिर, महंत लक्ष्मीनारायण दास भीम, ठाकूर प्यारेलाल सिंह अर्जुन, मौलाना अब्दुल रऊफ नकुल आणि शिवदास डागा सहदेव. मराठी वकील, मठाचे महंत, राजनांदगावकडचे कामगारनेते ठाकूर, मौलाना आणि मारवाडी शेठ अशी ही भावंडे. त्यांना एका कुटुंबात बसवणारी लोकांची कल्पकता ही कोणत्याही घटनापंडिताच्या व्याख्येपेक्षा कमी मोलाची नाही. वडीलपणाचा मान लाखे यांना वयामुळे मिळाला असेल; पण त्या मानाबरोबर एक वर्षाची कैद आणि तीन हजार रुपयांचा दंडही आला.

त्यानंतर त्यांनी थांबायला हरकत नव्हती. प्रकृती आणि वय ही दोन्ही कारणे पुरेशी होती. परंतु १९४० च्या ऑक्टोबरात विनोबांपासून वैयक्तिक सत्याग्रह सुरू झाला, आणि १९४१ मध्ये सिमगा येथे सत्याग्रह करून लाखे पुन्हा तुरुंगात गेले. शिक्षा चार महिन्यांची. वय सत्तरीच्या उंबरठ्यावरचे. या सत्याग्रहाचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. त्यात जमाव नव्हता, मिरवणूक नव्हती. निवडलेल्या व्यक्तीने अधिकाऱ्यांना आधी कळवायचे, ठरल्या जागी जाऊन युद्धात साहाय्य न करण्याविषयी बोलायचे आणि अटक करून घ्यायची. एकट्या माणसाने आपले मत आपल्या नावानिशी सांगायचे आणि त्याची किंमत द्यायची, एवढेच. लोकशाहीतील मताचे हे अगदी शुद्ध रूप म्हणता येईल. तेथे गर्दीत लपता येत नाही, आणि वयाच्या आड तर मुळीच नाही.

पुढे १९४५ मध्ये, बहात्तरी ओलांडल्यावर, बलौदाबाजार येथे शेतकऱ्यांची सहकारी भातगिरणी उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. तुरुंग आणि भातगिरणी ही दोन्ही त्यांच्या मनात एकाच कामाची अंगे असावीत, असे त्यांच्या आयुष्यक्रमावरून वाटते. अन्यायाला नकार देणे हे नागरिकत्वाचे अर्धे काम. धान्याचा भाव शेतकऱ्याच्या हाती राहील अशी व्यवस्था करणे हे उरलेले अर्धे.

५

लाखे यांचा असा आलेख मांडताना त्यांच्या मित्राचे, माधवराव सप्रे यांचे, स्मरण टाळता येत नाही. सप्रे त्यांच्याहून वर्षभराने मोठे. १९०७ मध्ये त्यांनी नागपुरातून ‘हिंदी केसरी’ सुरू केला, १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली आणि कुटुंबीयांच्या, विशेषतः वडील बंधूंच्या, आग्रहापुढे हार मानून त्यांनी माफी लिहून दिली. सुटका झाली, पण सप्रे यांनी स्वतःला क्षमा केली नाही. काही काळ त्यांनी माधुकरी मागून दिवस काढले आणि रामदासांच्या वाङ्मयात मन गुंतवले. दासबोध, लोकमान्यांचे गीतारहस्य आणि चिंतामणराव वैद्यांची महाभारतविषयक मीमांसा त्यांनी हिंदीत आणली. रायपुरात मुलींसाठी शाळा काढली. १९२४ मध्ये डेहराडूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरातच त्यांचा अंत झाला. वयाची पंचावन्न वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

सप्रे यांच्या माफीकडे दोषाच्या दृष्टीने पाहणे सोपे आहे. त्या प्रसंगानंतर त्यांनी काय केले, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. उत्तरायुष्याच्या वाटेवर चालणाऱ्या प्रत्येक माणसामागे एखादे तरी मौन असते, एखादी तरी सही असते, जी करावयास नको होती असे त्याला वाटते. अशा वेळी दोन वाटा उरतात. एक, जुने अपयश झाकण्यासाठी उरलेले आयुष्य स्वतःचे समर्थन करण्यात घालवणे. आणि दुसरी, पुढाऱ्याचे आसन सोडून कामाचे आसन धरणे. सप्रे यांनी दुसरी वाट धरली. नागरिकाला निष्कलंक असावे लागत नाही. निष्कलंकपणाची अट घातली तर कोणतीही सभा भरणार नाही.

त्याच रायपुरात त्या वर्षांत आणखी एक आयुष्य चालू होते, आणि ते या दोन्ही विद्वान मित्रांपेक्षा फार निराळे होते. राधाबाईंचा जन्म १८७५ चा, नागपूरचा. बालपणीच वैधव्य आले. सुईणीचे काम शिकून त्या १९१८ मध्ये रायपूरला नगरपालिकेत सुईण म्हणून आल्या. पदवी नव्हती, पण लोक त्यांना ‘डॉक्टर’ म्हणत. पंचावन्नाव्या वर्षी, १९३० मध्ये, त्या सत्याग्रहात उतरल्या आणि १९४२ पर्यंत पुनःपुन्हा तुरुंगात गेल्या. सफाई कामगारांच्या वस्तीत जाऊन मुलांना आंघोळ घालण्यापासून स्त्रियांना नाचवण्याच्या रूढीविरुद्ध खेड्यांत प्रचार करण्यापर्यंत त्यांचे काम पसरले होते. २ जानेवारी १९५० रोजी त्या वारल्या. प्रजासत्ताक तेव्हा चोवीस दिवसांवर आले होते.

लाखे आणि राधाबाई यांना शेजारी ठेवले की एक गैरसमज दूर होतो. उत्तरायुष्यातील नागरिकधर्म ही सुस्थित, सुशिक्षित, वकिली करून सवड मिळालेल्या पुरुषांची चैन आहे, असे म्हणता येत नाही. ज्या बाईने गावातील कित्येक मुलांना आपल्या हातांनी या जगात आणले, तिला त्या मुलांच्या जगाची काळजी वाटली, एवढे साधे हे कारण आहे. मात्र ‘पाच पांडव’ या चित्रात तिला जागा मिळाली नाही, हेही नोंदवले पाहिजे. लोकांची कल्पकताही आपल्या काळाच्या चौकटीबाहेर सहजी जात नाही.

६

येथवरच्या विवेचनावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो, आणि तो यायलाच हवा. वृद्धांनी सार्वजनिक जीवनात राहावे असे म्हणणे म्हणजे त्यांनी खुर्च्या अडवून बसावे असे म्हणणे नव्हे काय? स्पार्टामध्ये साठ वर्षांवरील अठ्ठावीस पुरुषांची परिषद असे आणि तिचे सभासदत्व तहहयात असे. ॲरिस्टॉटलने या व्यवस्थेवर टीका केली ती नेमकी याच कारणासाठी. शरीरासारखी बुद्धीलाही वार्धक्य येते, असे त्याचे म्हणणे होते. वृद्धांच्या स्वभावाचे त्याने केलेले वर्णनही निर्दय आहे. संशयी, संकोचलेले, आठवणींत रमणारे. उलट सिसरोने, स्वतः साठी ओलांडल्यावर, वृद्ध केटोच्या तोंडून वार्धक्याचे समर्थन मांडले. जहाजावर इतर लोक धावपळ करीत असले तरी सुकाणू धरून शांत बसलेला माणूस निरुद्योगी नसतो, हा त्याचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. पण सुकाणू कोणाच्या हाती असावे हाच तर वाद आहे. सिसरोच्या दृष्टान्तात तो आधीच सुटलेला आहे.

मला वाटते, या वादातून बाहेर पडण्याची वाट पद आणि जबाबदारी यांत भेद करण्यात आहे. पद हे मुदतीचे असते, मोजके असते. एकाने धरले की दुसऱ्याला मिळत नाही. जबाबदारी अशी नसते. ती एकाने घेतली म्हणून दुसऱ्याची कमी होत नाही, उलट वाढते. वृद्धाने पद सोडावे हे वानप्रस्थाचे सत्य आहे, आणि त्याने जबाबदारी सोडू नये हे सभापर्वाचे सत्य आहे. आपल्या सार्वजनिक जीवनात बहुधा याच्या उलट घडते. पद शेवटच्या श्वासापर्यंत धरले जाते, आणि जबाबदारी मात्र वयाचे कारण सांगून टाळली जाते.

महाराष्ट्रातील काही आयुष्ये या भेदाची साक्ष देतात. महर्षी कर्वे यांनी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ मध्ये, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले आणि १९४४ मध्ये, पंच्याऐंशी ओलांडल्यावर, समता संघ स्थापला. सेनापती बापट १९५५ मध्ये पंचाहत्तरीच्या जवळ असताना गोव्याच्या सत्याग्रहात गेले. १९७५ च्या डिसेंबरात कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध बोलल्या, तेव्हा त्या पासष्टीच्या होत्या. पुढे त्यांना अटकही झाली. रायपुरात प्यारेलाल सिंह १९५२ नंतर मध्य प्रदेश विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. पण १९५४ मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्यांना मृत्यू आला तो भूदानाच्या पदयात्रेत. या कोणाचेही थोरपण त्यांच्या उत्तरायुष्यातील पदावरून ठरलेले नाही.

वृद्ध माणसाजवळ तरुणाजवळ नसलेली अशी कोणती गोष्ट असते? शहाणपण असतेच असे नाही. अनुभव असतो, पण तो चुकीचाही असू शकतो. निश्चितपणे असते ती एक साक्ष. आजचे नियम नेहमीपासूनच असे नव्हते, आजचे हक्क कोणीतरी किंमत देऊन मिळवले आहेत आणि ते जाऊही शकतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधानसभेतील आपल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी व्यक्तिपूजेविषयी आणि सामाजिक विषमता तशीच ठेवून आणलेल्या राजकीय समतेविषयी इशारा दिला. भारताने पूर्वी आपले स्वातंत्र्य गमावले होते, याची आठवणही त्यांनी त्या प्रसंगी करून दिली. आठवण देणे हे भूतकाळात रमणे नव्हे. विस्मरणामुळे लोकशाही जितक्या सहजपणे जाते, तितक्या सहजपणे ती शत्रूमुळेही जात नाही.

याला दुसरी बाजू आहे, आणि ती तरुणांच्या वाट्याची आहे. वृद्धांची साक्ष ऐकण्याची सोय समाजाने ठेवली पाहिजे. आपल्या निवडणूक नियमांत २०१९ मध्ये ऐंशी वर्षांवरील मतदारांना टपाली मतदानाची सवलत मिळाली. २०२४ मध्ये ही मर्यादा पंच्याऐंशीवर नेण्यात आली. निवडणूक कर्मचारी अंथरुणाला खिळलेल्या मतदाराच्या दारी मतपत्रिका घेऊन जातात, हे दृश्य मला लोकशाहीतील एक उदात्त दृश्य वाटते. पण मतपत्रिका दारी येते ती पाच वर्षांतून एकदा. उरलेल्या दिवसांत वॉर्डाच्या बैठकीला, ग्रामसभेला, वाचनालयाच्या सर्वसाधारण सभेला त्या माणसासाठी खुर्ची असते काय, आणि तो बोलू लागला तर घड्याळाकडे न पाहता कोणी ऐकते काय, हे खरे प्रश्न आहेत.

७

१५ ऑगस्ट १९४७ रोजी रायपूरच्या गांधी चौकात तिरंगा फडकला तो वामनराव लाखे यांच्या हस्ते. त्याच दिवशी पुण्यात सेनापती बापटांनी ध्वज फडकवला. दोन शहरांनी, एकमेकांना न विचारता, हा मान वृद्ध सत्याग्रहींना दिला, हा योगायोग मनात राहतो. लाखे तेव्हा पंचाहत्तरीला आले होते.

वर्षभराने, २१ ऑगस्ट १९४८ रोजी, त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी देशभर एक विलक्षण काम सुरू झाले होते. संविधान अजून मंजूर व्हायचे होते. पण संविधानसभेच्या सचिवालयाने मार्च १९४८ मध्ये प्रांतांना प्रौढ मताधिकारावर आधारलेल्या मतदारयाद्या तयार करण्याविषयी कळवले होते, आणि गावोगावचे कर्मचारी घरे मोजीत, नावे लिहीत फिरू लागले होते. त्या याद्यांतून पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी सतरा कोटींहून अधिक मतदार उभे राहिले. स्त्री, पुरुष, मालगुजार, मजूर, साक्षर, निरक्षर अशा प्रत्येकाला एक मत. रायपूर जिल्ह्यातील पतसंस्थांच्या बैठकीत जो नियम १९१३ नंतर शेतकऱ्यांच्या परिचयाचा झाला होता, तोच आता सबंध देशाचा नियम झाला.

त्या नियमानुसार मत देण्याचा दिवस लाखे यांच्या वाट्याला आला नाही. त्यांनी आयुष्यभर ज्याची तयारी केली, ते पीक दुसऱ्यांनी कापले. याबद्दल हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. पण थोडा विचार केला तर असे दिसते, की उत्तरायुष्यातील नागरिकधर्माची हीच खूण आहे. तरुण माणूस जे लावतो, त्याची सावली आपल्यालाही मिळेल अशी आशा त्याला धरता येते. सत्तरीचा माणूस ती आशा धरू शकत नाही. म्हणून त्याचे सार्वजनिक कर्म, ते खरोखर सार्वजनिक असेल तर, त्याच्या स्वतःच्या हितापासून अधिक मोकळे असू शकते. फलाची अपेक्षा न धरता कर्म करावे, हे सप्रे यांनी गीतारहस्याच्या भाषांतरात लिहिले असेल. १९४१ मध्ये सिमग्याच्या वाटेला लागलेल्या त्यांच्या वृद्ध मित्राने ते आचरले.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले आणि रायपूर राजधानी झाली. शहर वाढले, नव्या वसाहती उभ्या राहिल्या. जुन्या रायपुरातून जाणाऱ्या माणसाला वामनराव लाखे यांच्या नावाच्या शाळेची पाटी दिसते. आत मुले नागरिकशास्त्राचा धडा शिकत असतील. त्या धड्यात मूलभूत हक्क असतील, संविधानाच्या ५१अ कलमातील कर्तव्येही असतील. ती कर्तव्ये कोणत्या वयापर्यंत पाळावीत, हे त्या कलमात लिहिलेले नाही.